नथीची साक्ष

मिसळीच्या दुकानातला सकाळचा कालवा रेवती हुपरीकरच्या कानांपर्यंत कधीच पोचला नव्हता. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या माणसाला गोंगाट दिसतो. माना वळतात, हात उडतात, तोंडं मोठी होतात. वाढप्याने तिच्याकडे बघत काहीतरी विचारलं आणि तिच्या चष्म्याच्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली, "ताई, भाव आणू?"

रेवतीने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, वाढप्याच्या हातातली रिकामी बशी पाहिली आणि म्हणाली, "दोन आणा. मऊ बघून."

समोर बसलेला फिरोज मुल्लाणी हसायला लागला. हा अक्षरचष्मा त्याच्याच डोक्यातून निघालेला होता.

"हसू नकोस," रेवती म्हणाली. "बशीत घालून भाव कोण आणतो? तुझ्या यंत्रापेक्षा माझ्या मांजराला जास्त कळतं."

"गोंगाटात त्याला ऐकू येत नाही, ताई. मग ते ओठ बघून अंदाज करतं. तुम्ही करता तसाच."

"मी अंदाज करते तेव्हा तो अंदाज आहे हे मला माहीत असतं."

म्हटलं तर यंत्राची चूक होती, म्हटलं तर नव्हती. प, ब, भ आणि म ही अक्षरं ओठ मिटून उघडले की होतात. कानाला ती वेगळी, डोळ्याला एकच. पाप, बाप आणि माप यांत बहिऱ्याला काही फरक दिसत नाही. तो संदर्भावरून ओळखायचा, आणि संदर्भ चुकला की पावाचा भाव होतो.

मिसळ संपवून दोघं चालत चित्रठेवा केंद्रात आले. जुने चित्रपट जपायचे, दुरुस्त करायचे, हे तिथलं काम. दोन वर्षांपूर्वी फिरोजने तिथे चष्म्याचा थोरला भाऊ आणून बसवला होता. त्याचं नाव कंठवेध. मूकपटातल्या माणसाचे ओठ, जबडा, गाल, मानेच्या शिरा, सगळ्यांची हालचाल मोजून त्या माणसाचा आवाज कसा असेल आणि तो काय बोलत असेल हे कंठवेध गणिताने काढत असे. एखादा शब्द अडला, तर त्या काळाबद्दल, त्या माणसांबद्दल जे जे लिहून ठेवलेलं सापडेल ते धुंडाळून सर्वांत संभवनीय शब्द तिथे बसवत असे. मग मुक्याला वाचा फुटे.

या वाचेला लगाम होता. मेलेले पुढारी निवडणुकीत पुन्हा मतं मागायला लागले, तेव्हा सरकारला जाग आली आणि कायदा झाला. मेलेल्याच्या तोंडी घातलेला आवाज लोकांना ऐकवायचा, तर ओठ वाचण्यात तरबेज असलेल्या माणसाने तो पारखून सही करायची. या माणसाला ओष्ठसाक्षी म्हणत. राज्यात असे अकरा जण होते. रेवती त्यांतली सर्वांत जुनी आणि सगळ्यांच्या मते सर्वांत खाष्ट.

केंद्राच्या दारातल्या बाकावर एक म्हातारा बसला होता. धुतलेलं धोतर, काळी टोपी, मांडीवर एक कागद. रेवतीला बघून तो उठला.

"मी दिगंबर कुडाळकर. तबला वाजवतो," तो म्हणाला. त्याची मिशी ओठांवर आलेली होती, म्हणून रेवतीला काचेवरची अक्षरं वाचावी लागली. "त्या पिक्चरमधली बकुळाबाई माझ्या आजोबांची बहीण. तुमी तिला आज बोलती करनार म्हनं. ताई, येकच इनंती हाय. तेवढं येक वाक्य गाळा."

"कुठलं?"

"तुमास्नी ठावं हाय."

रेवतीलाच काय, सगळ्या कोल्हापूरला ते ठाऊक होतं. 'सुरांची सती' हा मूकपट एकशे बारा वर्षांपूर्वी मामा वडणगेकरांनी काढला. नाटकात गाणाऱ्या एका बाईची ती गोष्ट. तिचा वैरी तिला विड्यातून शेंदूर चारतो, तिचा गळा जातो आणि ती नवऱ्याच्या पायांवर प्राण सोडते. नायिका बकुळा कुडाळकर ही खरीच नाटकातली गाणारी होती. विडा खाण्याचं दृश्य घेताना विड्यात खराच शेंदूर निघाला आणि तिचा खराच गळा गेला. नाटक सोडून सिनेमात गेली म्हणून चिडलेल्या बापाने, रामजी तबलजीने, विड्यात शेंदूर घातला असं कोर्टात शाबीत झालं. रामजीला सात वर्षांची शिक्षा झाली. पाचव्या वर्षी तो तुरुंगात मेला. बकुळा त्याच्याही आधी गेली. विडा चावताच तिने पडद्यावर बापाचंच नाव घेतलं होतं, असं लोक सांगत.

"आजबी कुडाळकराच्या हातचा विडा कुनी घेत न्हाई," म्हातारा म्हणाला. "मैफलीत गवयाला पानी द्यायला गेलो तर हसत्यात. शेंदऱ्या म्हनत्यात आमाला. आतापातुर ती कागदावरची गोष्ट होती. आता तिच्या तोंडानं ऐकवनार. मग कुनाला काय सांगू?"

"आजोबा," रेवती म्हणाली, "ओठ जे बोलले ते बोलले. मी एक अक्षर घालत नाही आणि एक अक्षर गाळत नाही."

हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. म्हाताऱ्याने कागदाची घडी घातली आणि तो पुन्हा बाकावर बसला. तो घरी गेला नाही हे तिच्या ध्यानात यायला दुपार व्हावी लागली.

'सुरांची सती'ची सात रिळं होती. त्यांतली सहा बांगड्यांत गेली. जुन्या काळी फिल्म वितळवून बांगड्या करत, आणि मामांच्या वारसांनी निपाणीच्या एका कासाराला सगळे डबे विकून टाकले होते. सातवं रीळ डब्याला गंज चढून झाकण न निघाल्यामुळे वाचलं. आता तेच वारस 'वडणगेकर प्रतिष्ठान' या नावाने त्या एका रिळावर मोठा समारंभ करणार होते. केंद्राच्या भिंतीवर मामांचं तैलचित्र होतं आणि त्याखाली त्यांच्या आत्मचरित्रातलं वाक्य सोनेरी अक्षरांत कोरलं होतं: 'मूकपटाला चेहरा लागतो, गळा नाही.'

फिरोजने अंधार केला. पडद्यावर बकुळा आली. नऊवारी, अंबाडा, नाकात मोत्यांची भरघोस नथ. तिने विडा तोंडात घातला, दोनदा चावला आणि तिचे डोळे विस्फारले. हात गळ्याशी गेला. मग तिचा चेहरा पडदाभर झाला आणि ती बोलली. मागून पाटी आली, 'प्राणनाथ, माझा कंठ तुमच्या चरणी अर्पण.' पण ओठ निराळंच बोलत होते. काचेवर कंठवेधचे शब्द उमटले: "खरा शेंदूर आहे. बाबांनी दिला. गळा जळतोय. थांबवा."

दिवे लागले तेव्हा केंद्रातली माणसं डोळे पुसत होती. हिशेबनीस बाई तर हुंदके देत होत्या. फिरोजचेही डोळे ओले होते.

"आवाज कसा आहे?" रेवतीने विचारलं.

"काय सांगू, ताई. काळीज चिरत जातो."

रेवतीला त्यांचा हेवा वाटला नाही. तिला एवढंच कळत होतं, की ही सगळी माणसं आता रडकी झाली आहेत आणि रडक्या माणसाला नीट दिसत नाही. तिने ते दृश्य आठ वेळा पाहिलं. ओठ जुळत होते. 'खरा' जुळत होता, 'शेंदूर' जुळत होता, 'बाबांनी' जुळत होता. सही करायला काही हरकत नव्हती. तिने पेन काढलं आणि नवव्यांदा पाहताना खाली ठेवलं.

"फिरोज, या मोत्यांना काय केलंस?"

"कुठल्या मोत्यांना?"

"नथीच्या. इतके लख्ख कसे? बाई मरायला टेकली आहे, अंग थरथरतंय, आणि नथ बघ. दुकानातल्या काचेत ठेवल्यासारखी."

रेवतीची आई गुजरीत सराफांसाठी नथी गुंफायची. सोन्याच्या तारेत बसऱ्याचे मोती ओवून ओवून तिची बोटं खडबडीत झाली होती. मुलगी बहिरी आहे हे कळल्यावर शाळेतल्या बाईंनी तिला एक युक्ती सांगितली. 'ब' म्हणताना नाकावर बोट ठेवलं तर काही लागत नाही. 'म' म्हणताना आवाज नाकातून जातो आणि बोटाला मुंग्या येतात. आईने त्यात स्वतःची भर घातली. तिने ओवायला आलेली नथ स्वतःच्या नाकात घातली आणि लेकीला समोर बसवलं. "बाबा," ती म्हणाली. मोती गप्प राहिले. "मामा," ती म्हणाली. मोती शहारले. चार वर्षांची रेवती खदखदून हसली होती. ओठांनी लपवलेलं नथीने सांगितलं, म्हणून.

"ती साफसफाई आहे," फिरोज म्हणाला. "चित्र जुनं, सेकंदाला अठराच फ्रेमा. मोती काही ठिकाणी पुसट उमटले होते. यंत्राने तो दोष धरला आणि शेजारच्या फ्रेमेतले स्पष्ट मोती उचलून तिथे बसवले."

"कुठे कुठे पुसट होते?"

"ते नाही पाहिलं."

"मूळ चित्र काढ. न धुतलेलं."

फिरोजने काढलं. ओरखडे, डाग, बुरशी. त्या सगळ्यातून बकुळाचा चेहरा वर येत होता. रेवतीने एकेक फ्रेम पुढे सरकवायला सांगितली. अठरा फ्रेमांत मोत्याची थरथर पकडता येत नाही, पण थरथरणारा मोती पुसट उमटतो आणि स्थिर मोती लख्ख. 'खरा'ला मोती लख्ख. 'शेंदूर'मध्ये 'शें'च्या अनुस्वारावर पुसट. म्हणजे आईची युक्ती इथेही चालत होती. मग तो शब्द आला. 'बाबांनी' असता तर पहिल्या 'बा'ला मोती लख्ख राहायला हवे होते आणि 'बां'च्या अनुस्वारापासून पुढे पुसट व्हायला हवे होते.

मोती पहिल्या फ्रेमपासून पुसट होते.

"नाकावर बोट ठेव," रेवती म्हणाली. "आणि बाबा म्हण. आता मामा म्हण."

फिरोजने म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. मग त्याने हात खाली घेतला आणि भिंतीवरच्या तैलचित्राकडे, त्याखालच्या सोनेरी वाक्याकडे बघितलं. मामा वडणगेकरांना सगळी कंपनी मामाच म्हणत असे, नायिकेपासून न्हाव्यापर्यंत. आणि गळा गेलेली नायिका सिनेमा सोडून नाटकात परत जाऊ शकत नाही.

"यंत्राने 'बाबा' का निवडलं?" रेवतीने विचारलं, पण उत्तर तिला कळलं होतं.

"त्याला दोन्ही शब्द सारखेच दिसले. मग त्याने जे लिहिलेलं आहे ते वाचलं. मामांचं आत्मचरित्र, त्यावरचे लेख, कोर्टाचा निकाल. सगळीकडे बाप आहे."

"निकालाचं बाड दाखव."

ते केंद्राच्या संग्रहातच होतं. मोडीतून उतरवून घेतलेलं पान काचेवर आलं आणि रेवतीने ते उभ्यानेच वाचलं. 'साक्षीदार बाईस बोलता येत नाही व लिहिता येत नाही. विषप्रयोग कोणी केला असे विचारता ओठ हलवून "बाबांनी" असे सांगितले. आरोपीकडे दोन्ही हात केले. तदनंतर कारकुनाने "बाबांनी" असे मोठ्याने वाचून दाखवताच मान जोराने हलवून रडू लागली. सबब साक्ष पुरी.' खाली एक नोंद होती. मामा त्या दिवशी कामानिमित्त मुंबईस असल्याने गैरहजर. आणखी एक होती. साक्षीदाराच्या अंगावरील नथ कंपनीचा दागिना असल्याने साक्षीपूर्वीच मालकांस परत केली.

रेवतीचा राग सावकाश चढणारा नव्हता. तो एकदम आला. ती बाई कोर्टात उभी होती. गळा जळालेला, नाकातली नथ काढून घेतलेली, ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो मुंबईला. समोर पिंजऱ्यात बाप. ती म्हणाली मामांनी, त्यांनी लिहिलं बाबांनी. तिने बापाकडे हात पसरले, त्यांनी लिहिलं आरोपीकडे हात केले. ती नाही नाही म्हणून मान हलवत राहिली, त्यांनी लिहिलं रडू लागली. ऐकू येणाऱ्या एवढ्या शहाण्या माणसांनी मिळून एका मुक्या बाईच्या तोंडून तिच्या बापाचा जीव घेतला. आणि आज शंभरावर वर्षांनी एक यंत्र आणून, सुरेल आवाज लावून, तेच पुन्हा करायला निघाले होते. त्यावर सही कोणाची? रेवती हुपरीकरची.

आणि सकाळी तिने म्हाताऱ्याला काय ऐकवलं होतं? एक अक्षर घालत नाही, एक अक्षर गाळत नाही. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

ती बाहेर गेली. दिगंबर कुडाळकर बाकावर तसाच होता. तिने त्याच्या शेजारी बसून त्याला नाकावर बोट ठेवायला सांगितलं. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो बोट नाकावर तसंच धरून "मामा, मामा" करत बसला, पुन्हा पुन्हा, आणि त्याच्या डोळ्यांचं पाणी मिशीतून खाली टोपीवर गळत राहिलं. टोपी त्याने कधी काढून मांडीवर ठेवली हे त्यालाही कळलं नसावं.

यशोधन वडणगेकर, मामांचा पणतू आणि प्रतिष्ठानचा अध्यक्ष, दुसऱ्या दिवशी आला. माणूस सभ्य होता. बहिऱ्यांशी बोलताना लोक करतात तसं तोंड फाडफाडून बोलत होता, ज्यामुळे ओठ वाचणं आणखी अवघड होतं.

"मॅडम, एका पुसट मोत्यावर इतिहास बदलायचा?"

"एका कारकुनाच्या अंदाजावर लिहिला होता. त्यापेक्षा मोती बरा."

"रागावू नका. आम्ही कुठे म्हणतो खोटं लिहा? प्रमाणपत्रात वाक्य काय असतं? 'ओठांच्या हालचाली ऐकवलेल्या शब्दांशी जुळतात.' जुळतात की नाही?"

"जुळतात."

"मग सही करायला अडचण काय? आणि तुम्ही नाही केलीत तर बाकीचे दहा आहेत. ते धुतलेलं चित्र पाहतील आणि करतील. केंद्राचं अनुदान आमचं आहे, फिरोजरावांचं यंत्र आमच्या पैशाने उभं राहिलं." तो खुर्चीवर मागे रेलला. "तुम्हाला ऐकू आलं असतं ना, तर कळलं असतं. तो आवाज ऐकून दगडाला पाझर फुटेल."

"पाझर फुटला म्हणूनच तुम्हा कुणाला दिसलं नाही."

यशोधन उठला. दाराशी जाऊन वळला, आणि या वेळी तोंड न फाडता, हळू बोलला. तिने वाचावं म्हणून की वाचू नये म्हणून, कोण जाणे. "नाकापेक्षा मोती जड झाला की मोती काढून ठेवावा लागतो."

त्याला आपण काय म्हणालो हे कळलं नव्हतं. रेवतीला कळलं, आणि तो गेल्यावर ती कितीतरी वेळ हसत होती. त्या हसण्याची फिरोजला भीती वाटली.

"मी समारंभाला येते म्हणून कळव," ती म्हणाली. "जुळतात ते जुळतात. साक्ष मी स्वतः वाचीन."

"ताई, तुम्ही सही करणार?"

"कायदा काय सांगतो? खेळ संपल्यावर ओष्ठसाक्षीने मंचावर येऊन साक्ष द्यावी. मी देणार. न धुतलेलं चित्र तुझ्याकडे आहे. मी हात वर केला की लाव. आवाज बंद ठेवून. नाही लावलंस तरी मी तुला बोल लावणार नाही. तुझी नोकरी आहे आणि यंत्रही तुझंच आहे."

फिरोजने यंत्राकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते आणि मिटलेल्या ओठांतून काय निघेल हे रेवतीलाही वाचता येत नसे.

समारंभ रविवारी सकाळी अकरा वाजता होता. निमंत्रणपत्रिकेवर 'पारंपरिक वेश' छापलं होतं, त्यामुळे नाट्यगृह नऊवाऱ्या, फेटे आणि दाबाच्या नथींनी भरून गेलं होतं. चारशे माणसं. दिगंबर कुडाळकरला निमंत्रण नव्हतं. रेवतीने त्याला आपल्या शेजारी आणून बसवलं.

खेळ झाला. विडा, विस्फारलेले डोळे, पडदाभर चेहरा. त्या वाक्यावर सगळं नाट्यगृह कसं एकदम आत ओढलं गेलं हे रेवतीने पाहिलं. खांदे हलले, पदर डोळ्यांशी गेले. कोणीतरी मागे वळून दिगंबरकडे बघितलं आणि शेजारणीच्या कानाला लागलं.

मग तिला बोलावलं. ती मंचावर उभी राहिली आणि बोलू लागली. तिचा आवाज सपाट आणि खरबरीत आहे, शब्द जिभेवर अडखळतात, हे तिला ठाऊक होतं. तो ऐकला की लोकांच्या चेहऱ्यावर जी कीव येते ती आजही आली. चाळीस वर्षं ती कीव बघून ती विटली होती.

"मी, ओष्ठसाक्षी रेवती हुपरीकर, असं सांगते, की पडद्यावरच्या ओठांच्या हालचाली तुम्ही ऐकलेल्या शब्दांशी जुळतात."

यशोधनने टाळी वाजवायला हात उचलले.

"त्या 'बाबांनी'शी जुळतात," रेवती म्हणाली. "आणि 'मामांनी'शीसुद्धा जुळतात. ओठांना फरक करता येत नाही. नाकाला येतो. तुमच्यापैकी ज्यांना ऐकू येतं त्यांनी थोडा वेळ कान बंद करा आणि या बाईच्या नथीकडे बघा."

तिने हात वर केला.

पडदा काळा राहिला. एक क्षण, दोन, तीन. रेवतीने मागे वळून पाहिलं नाही. मग पुढच्या रांगांतल्या चेहऱ्यांवर उजेड पडला आणि तिला कळलं, की फिरोजने चित्र लावलं.

डागाळलेली, ओरखडलेली, मुकी बकुळा पडद्यावर आली. फिरोजने चित्र हळू केलं होतं. 'खरा', आणि मोती लख्ख. मग तो शब्द, आणि मोती धुक्यात गेल्यासारखे. फिरोजने तेवढाच तुकडा फिरून फिरून लावला. रेवतीने स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.

"असं ठेवा," ती म्हणाली. "आणि आधी बाबा म्हणा. मग मामा म्हणा. तिला कोर्टात कोणी एवढंही करून दिलं नाही. तिच्या नाकातली नथ त्या आधीच काढून घेतली होती. कोणी, ते निकालात लिहिलंय."

आधी कोणी हललं नाही. मग तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीने बोट उचललं. तिच्या शेजारणीने. मग फेटेवाल्यांनी. बघता बघता सगळं नाट्यगृह नाकावर बोट धरून बसलं. एरवी ही गंमत वाटली असती, पण कोणी हसत नव्हतं. यशोधन मात्र हात मांडीवर ठेवून बसून होता. शेजारच्या माणसाला तो काही सांगत होता आणि तो माणूस घाईघाईने बाहेर निघाला होता. बहुधा फिरोजच्या खोलीकडे.

चारशे तोंडं हलत होती. दिगंबर उभा राहून आजूबाजूला बघत होता, कोण काय म्हणतंय ते ऐकत. त्याचा चेहरा तिला वाचता येईना. तो इतका कासावीस होता, की ऐकलेलं त्याला हवं ते होतं की नको ते, हे सांगणं अवघड होतं.

रेवतीने काचेवर नजर टाकली. नाट्यगृहात कालवा माजला असणार, कारण चष्म्याने ऐकणं सोडून ओठ वाचायला घेतले होते. हिरवी अक्षरं एकाखाली एक पडत होती. बाबा. बाबा. बाबांनी. बाबा. बाबांनीच. बाबा. यंत्राने वाचलेली सगळी पुस्तकं तीच होती.

तिने चष्मा काढून खिशात घातला. आता फक्त ओठ राहिले. मिटत होते, उघडत होते, मिटत होते, उघडत होते. चारशे माणसं एक शब्द ठासून म्हणत होती. दोघांपैकी एका माणसाचं नाव घेत होती, आणि ते कोणाचं हे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ओष्ठसाक्षीला कळायला काही मार्ग नव्हता. तिला शाळेतल्या त्या पहिल्या वर्षासारखं वाटलं. राग होता तो होताच. पण त्याच्या खाली एक जुनी भीती होती, की हे लोक पुन्हा तेच म्हणत असतील आणि आपल्याला दिसत असूनही दिसणार नाही.

मागून उजेड विझला. फिरोजचं चित्र कोणीतरी बंद केलं होतं. लोकांची बोटं मात्र खाली आली नव्हती.

रेवती मंचाच्या पायऱ्या उतरली. यशोधन उठून तिला काहीतरी सांगू लागला, तोंड फाडफाडून. त्याच्याकडे न बघता ती तिसऱ्या रांगेशी गेली. पहिलं बोट उचललेली ती म्हातारी तिथे बसली होती. तिच्या नाकात दाबाची नव्हती, टोचलेल्या नाकातली खरी नथ होती, सात मोत्यांची, जुन्या गुंफणीची. तशी गुंफण रेवतीची आई करायची.

रेवती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, चेहरा चेहऱ्याजवळ नेला, आणि मोती मोकळे दिसावेत म्हणून तिचं बोट हळूच नाकावरून बाजूला केलं.

"आजी," ती म्हणाली, "काय म्हणालात? परत एकदा म्हणा."